राख, दोन प्रकारची

राहात्याला माझं एसटीडी बूथ होतं. सकाळी सातला शटर अर्धं वर केलं की खालच्या फटीतून आधी दोन पाय दिसायचे, पांढरे मोजे आणि त्यांवर रबरी चपला. शटर पुरतं वर जाईपर्यंत त्या पायांना दम नसायचा. केमिस्टकाका वाकून आत यायचे, खुर्ची ओढायचे आणि कसली विचारपूस न करता म्हणायचे, "आला का कुनी अंगावर?"

अंगावर येणारी माणसं बंगलोरला, कलकत्त्याला, अमेरिकेत वगैरे असायची. काकांनी त्यांतलं कुणाला पाहिलेलं नव्हतं, पण भांडण सगळ्यांशी होतं.

ही नव्वदच्या दशकातली शेवटची दोन-तीन वर्षं. काका मूळचे पुणतांब्याचे, शेतकऱ्याच्या घरातले. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसाचा रस तपासण्यात त्यांची उमर गेली, आणि निवृत्त झाल्यावर रस मिळेना म्हणून त्यांनी बाकी सगळं तपासायला घेतलं. मी म्हटलं, आज ऊन फार आहे, की ते विचारणार, "किती?" चहाचा पेला उजेडासमोर धरून बघितल्याशिवाय तोंडाला लावायचे नाहीत. बायको जाऊन चार-पाच वर्षं झाली होती. बाजाराच्या मागे दोन खोल्यांत एकटेच राहायचे. त्या विषयावर ते बोलत नसत आणि विचारायची माझी छाती नव्हती.

माझ्याकडे एकच कॉम्प्युटर होता. नगरच्या एकाने सुटे भाग जोडून दिलेला, आणि आतले सगळे प्रोग्रॅम कुणाकुणाकडून उतरवून घेतलेले. त्या काळी सगळ्यांचं तसंच असायचं. ही चोरी आहे, हे काकांनी सांगेपर्यंत मला ठाऊकही नव्हतं. इंटरनेटसाठी नाशिकला फोन लावावा लागे. मोडेम खरखरायचा, शिट्ट्या मारायचा, लागला तर लागला. लागला की आलेली पत्रं एका दमात उतरवून घ्यायची, आपली पाठवायची आणि लाइन तोडायची. मग मी पत्रं छापून काकांना देई. ते ती घरी नेत, दोन दिवस त्यांच्यावर तांबड्या शाईने खुणा करत आणि उत्तर फुलस्केपवर लिहून आणत. ते मी टाइप करायचं. पलीकडच्यांना वाटे, हा गृहस्थ दोन-दोन दिवस विचार करून बोलतो. त्यामुळे तिथे त्यांचा चांगलाच दबदबा होता.

पत्रं मात्र कारखान्याच्या पत्रांसारखी. वर जावक क्रमांक, खाली विषय, त्याखाली संदर्भ. पहिल्या परिच्छेदात "महोदय" आणि दुसऱ्यात "आपण गाढव आहात", पण इंग्रजीत आणि फार सभ्यपणे.

ती सगळी मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांची मंडळी होती. एकाने पत्र पाठवलं की ते सगळ्यांना जायचं. प्रोग्रॅम ज्या ओळींनी बनतो त्या ओळी, म्हणजे त्याचा सोर्स कोड, कुणालाही वाचता आल्या पाहिजेत, बदलता आल्या पाहिजेत, दुसऱ्याला देता आल्या पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं. काकांनी हे कुठल्याशा मासिकात वाचलं आणि त्यांना आपली माणसं सापडल्यासारखं झालं.

"आत काय हाय ते इचारू नका, नुस्तं कपाळाला लावा, ह्याला प्रोग्रॅम म्हनत न्हाईत," ते मला म्हणाले. "ह्याला अंगारा म्हनत्यात."

हेच वाक्य त्यांनी इंग्रजी करून मंडळीला पाठवलं आणि तिथे जी पेटली ती विझेचना. सॉफ्टवेअर बाजूला राहिलं. एक म्हणे, अंगाऱ्याला मध्ये आणायचं कारण नव्हतं. दुसरा म्हणे, होतं. तिसऱ्याने विज्ञान काढलं, चौथ्याने वेद काढले. मी मध्ये बसून टाइप करणारी. काकांचं पत्र टाइप केलं की मला पटायचं, देव नाही. उत्तर छापून निघालं की पटायचं, आहे. संध्याकाळी घरी देवापुढे दिवा लावताना मी कुठल्या पत्रापर्यंत आले आहे ते आठवून बघायची.

एकदा मासिकाबरोबर लिनक्सची सीडी आली. काका ती छातीशी धरूनच आले. चोरीचं सगळं पुसून टाकायचं आणि ही मुक्त सिस्टिम घालायची, असा त्यांचा हुकूम. मी भोळी, हो म्हणाले. आठ दिवस त्यांनी माझा कॉम्प्युटर उघडून ठेवला. नवी सिस्टिम बसली, पण मोडेम तिला ओळखच दाखवेना. फोन लागेना, गिऱ्हाइकं परत जाऊ लागली. शेवटी मी आवाज चढवला तेव्हा तोड निघाली. डिस्कचे दोन भाग केले, अर्ध्यात लिनक्स आणि अर्ध्यात पहिलंच चोरीचं. काका लिहायचे त्यांच्या भागात, पण पत्र पाठवायला चोरीच्याच भागात यावं लागे. ही गोष्ट त्यांना इतकी लागली की त्या दिवसापासून प्रत्येक पत्राच्या तळाला एक ओळ आली: हे पत्र नाइलाजाने चोरीच्या प्रणालीतून पाठवले आहे, वाचकांनी नोंद घ्यावी.

"कशाला लिहिता, काका? कुणाला दिसतंय?"

"म्हनून तर लिवायचं. दिसत असतं तर लिवायची गरज काय?"

त्या खंडेनवमीला मी नेहमीप्रमाणे कॉम्प्युटर पुसला, हळदकुंकू लावलं, मोडेमवर झेंडूचं फूल ठेवलं. काकांनी दारातूनच पाहिलं.

"माझ्या भागाला लावू नगं."

"तुमचा भाग आत आहे काका, डिस्कवर. वरून कसा वगळू?"

त्यांनी वाकून कॉम्प्युटरचा डबा पुढून-मागून तपासला. मग म्हणाले, "तुझ्या भागापुरतं लाव," आणि पेढा मात्र खाल्ला.

मंडळीत एक गृहस्थ कॅनडात राहणारे होते, मूळचे पारनेरचे. निवृत्त इंजिनियर. सॉफ्टवेअरच्या बाबतीत काकांच्या बाजूचे आणि देवाच्या बाबतीत कट्टर विरुद्ध. सुरुवातीला सगळ्यांसमोर भांडायचे, मग दोघं खाजगीत भांडू लागले, इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत. ते वाचताना माझी जीभ वळायची नाही. कॅनडावाले लिहायचे, श्रद्धेचा सोर्स कोड मागू नका, तो माणसागणिक वेगळा असतो. काका लिहायचे, मग तो प्रोग्रॅम नव्हे, अफवा आहे. पण मध्येच कॅनडावाले विचारायचे, पारनेरला यंदा पाऊस कसा आहे, आणि काका खास बसस्टँडवर जाऊन पारनेरच्या गाडीतून उतरणाऱ्या माणसांना विचारून यायचे. हे भांडण होतं की मैत्री, मला कळत नसे. आठवडाभर कॅनडाचं पत्र आलं नाही तर काका दिवसातून दोनदा चक्कर मारायचे आणि "सहज आलो" म्हणायचे.

असंच एकदा दहा-बारा दिवस काही आलं नाही. मग आलं ते छोटंसं पत्र. मी ते छापायच्या आधीच वाचलं.

कॅनडावाल्यांचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं. महिना हातात होता. त्यांनी लिहिलं होतं: वादात तुम्ही जिंकलात असं हवं तर धरा. पण तुमच्या दाराशी शिर्डी आहे. तुम्ही स्वतः रांगेत उभे राहून बाबांची उदी आणा आणि मला पाठवा. दुसऱ्या कुणालाही सांगितलं असतं. पण तुम्ही खोटं बोलत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

शिर्डी आमच्यापासून चार-पाच किलोमीटर. काका उभा जन्म त्या रस्त्यावर राहिलेले, पण देवळाची पायरी कधी चढले नव्हते. अख्ख्या राहात्याला ते माहीत होतं, आणि काकांना त्याचा अभिमानही होता.

त्यांनी पत्र दोनदा वाचलं. तांबडं पेन काढलं आणि परत खिशात ठेवलं.

"राख म्हंजी राख," ते म्हणाले. "लाकूड जळलं की चुना, पोटॅश, थोडी माती. धुनीतली घे न्हाईतर बंबातली घे. तपासनाऱ्याला फरक सापडायचा न्हाई."

मी आपलं वातावरण हलकं करायला म्हटलं, "मग बंबातलीच पाठवा की. त्यांना काय कळतंय!"

काका उठले आणि निघून गेले. चहा तसाच राहिला. पुढचे तीन दिवस ते आलेच नाहीत. मी काय वावगं बोलले, मला उमगेना. बोलणं त्यांचंच होतं, मी फक्त पुढे नेलं होतं.

चौथ्या दिवशी आले ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून. "चल," म्हणाले. "मला तिथली रीत म्हाईत न्हाई." मी बूथ भावाच्या हवाली केलं आणि आम्ही जीपने शिर्डीला गेलो.

रांगेत ते एक अक्षर बोलले नाहीत. मला वाटलं होतं, पुढच्या-मागच्यांना पुरावे मागतील, गर्दीवर शेरे मारतील, माझी मान खाली जाईल. तसलं काही नाही. फक्त खिशातली डायरी काढून रांगेत शिरल्याची वेळ लिहिली. समाधीपुढे आल्यावर ते कवायतीला उभं राहावं तसे हात सरळ खाली सोडून उभे राहिले. मी कानाशी लागून म्हटलं, "हात तरी जोडा काका, बरं दिसत नाही." त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. उदीच्या पुड्या घेऊन बाहेर आलो तेव्हा परत डायरी काढली, वेळ लिहिली आणि वजाबाकी केली. दोन ताससुद्धा झाले नव्हते.

"एवढाच येळ लागतो व्हय?" त्यांनी मला विचारलं.

"आज गुरुवार नाही ना, म्हणून," मी म्हणाले.

राहाता येईपर्यंत ते जीपच्या बाहेर बघत राहिले.

वाटलं, झालं, आता पुड्या पाकिटात घालून पाठवतील. पण दुसऱ्या दिवशी ते दोन सारख्या काचेच्या बाटल्या घेऊन हजर झाले. एकीत शिर्डीची उदी, दुसरीत त्यांच्या अंघोळीच्या बंबातली राख, वस्त्रगाळ केलेली. रंगाने दोन्ही सारख्या. त्यांनी म्हणे रात्रभर विचार केला होता. मित्राला हवं ते द्यायचं, पण विज्ञानालाही सोडायचं नाही. मी दोन पुड्या बांधायच्या, एक उदीची आणि एक राखेची, त्यांवर क आणि ख लिहायचं. कशात काय आहे ते फक्त मला माहीत. तसं चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी मी बंद पाकिटात ठेवायची. कॅनडावाल्यांनी एक आठवडा क लावायची, एक आठवडा ख लावायची आणि कुठलीने बरं वाटलं ते कळवायचं. हे सगळं पत्रात त्यांना मोकळेपणी लिहिलेलं होतं. लपवाछपवी नाही.

"तुम्ही स्वतःच का बांधत नाही?" मी विचारलं.

"मला म्हाईत असलं तर माझ्या लिवन्यातून त्याला वास यील. प्रयोग बाद."

ते बाहेर जाऊन बसले. मी उदीची पुडी बांधली, वर क घातलं. मग दुसरी बाटली उघडली. खरं सांगते, हात चालेना. छाती फाडून घ्यायला निघालेला माणूस, सातासमुद्रापलीकडे, डोळे मिटून कपाळाला लावणार, आणि त्याच्या बोटांना काकांच्या अंघोळीच्या पाण्याखालची राख! प्रयोग गेला खड्ड्यात, असं मला वाटलं. माझ्या पर्समध्ये आदल्या दिवशी माझ्यासाठी घेतलेली उदीची पुडी होती. ती मी दुसऱ्या कागदात ओतली आणि वर ख लिहिलं. चिठ्ठीत मात्र लिहिलं: क उदी, ख राख. पाकीट चिकटवलं, बाटल्या काकांना परत केल्या. आयुष्यात इतकं स्वच्छ खोटं मी पुन्हा कधी लिहिलं नाही.

पोस्टात परदेशी पार्सलचा फॉर्म भरताना बाबूने विचारलं, आत काय आहे? काकांनी स्वतः लिहिलं: राख, दोन प्रकारची. बाबू कधी त्यांच्याकडे, कधी माझ्याकडे बघत होता.

ऑपरेशन झालं. तीन-चार आठवडे आम्ही दोघं रोज सकाळी मोडेमच्या शिट्ट्या ऐकत बसायचो. काका पेपर उलटा धरून वाचायचे. मग एके दिवशी पत्र आलं. कॅनडावाले घरी आले होते, जिन्याच्या चार पायऱ्या चढत होते. आणि पुड्यांबद्दल लिहिलं होतं: क आणि ख मी एकाच डबीत ओतल्या. रोज त्यातली बोटभर लावतो. बाबांचीही लागते आणि तुमचीही.

मला वाटलं, प्रयोग बुडाला म्हणून काका संतापतील. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला. "चार पायऱ्या," ते म्हणाले. "चांगल्या हायेत चार."

इथे सगळं संपायला हवं होतं. पण कॅनडावाले बरे झाल्याच्या आनंदात होते. त्यांनी गंमत म्हणून सगळी हकीकत त्या मंडळीला लिहून टाकली. माझा नास्तिक मित्र बघा, एका पुडीत उदी आणि दुसरीत बंबातली राख!

मंडळीला गंमत वाटली नाही. देव मानणारे म्हणाले, मरणाच्या दारातल्या माणसाने उदी मागितली आणि याने राख पाठवली, याला काळीज नाही. देव न मानणारे म्हणाले, रोग्यावर असले पोरखेळ करणारे लोक विज्ञानाला बट्टा लावतात. आजवर एकमेकांच्या उरावर बसणारी माणसं काकांना झोडपायला एक झाली. कॅनडावाल्यांनी मध्ये पडून बघितलं, त्यांचं कुणी ऐकेना. ती पत्रं छापताना माझे कान तापायचे. ख च्या पुडीत काय होतं हे साऱ्या जगात मला एकटीला ठाऊक होतं, आणि माझ्याच्याने बोलवत नव्हतं. बोलले तर काकांनी इतक्या जपून केलेला प्रयोग मी नासवला, हे सांगावं लागणार. नाही बोलले तर माझ्या जागी ते मार खाणार.

दोन दिवसांनी ते उत्तर घेऊन आले. मला वाटलं, चार-पाच फुलस्केप असतील. एकच कागद होता. वर जावक क्रमांक, विषय, संदर्भ: आपली सर्व पत्रे. खाली एक ओळ. आपले म्हणणे मला मान्य आहे.

इतक्या दिवसांत हे वाक्य मी त्यांच्या हातचं एकदाही टाइप केलं नव्हतं. मी कीबोर्डवरून हात काढून घेतले.

"हे मी नाही पाठवणार."

"का?"

"कारण ते खरं नाही." आणि मग मी सगळं सांगितलं. पर्समधली पुडी, खोटी चिठ्ठी, सगळं. मध्येच रडायला आलं, तशीच बोलत राहिले. "दोन्हीत उदीच होती काका. तुम्ही कुणालाच राख दिली नाहीत."

"म्हाईत हाय," ते म्हणाले. "बाटल्या घरी परत नेल्या त्याच सांजच्याला तराजूवर ठिवल्या. राखेची जेवढी दिल्ती तेवढीच भरली. तिला तू हातच लावला न्हाई."

म्हणजे पहिल्या दिवसापासून यांना माहीत होतं. तळाला चोरीच्या प्रणालीची नोंद करणारा माणूस इतके दिवस तोंड मिटून बसला होता.

"मग माझ्यासाठी शिव्या खाताय?"

"तुझ्यासाठी न्हाई. उगा मोठी हू नगं." त्यांनी माझ्यासमोरचा कागद सरळ केला. "त्ये काय म्हनत्यात? आजारी मानसानं उदी मागितली, ह्यानं राख दिली. खरं हाय. मानूस तेवढं दुसरं हुतं."

मला काही समजेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, कॉम्प्युटरच्या डब्याकडे बघत बोलत राहिले.

"आमची ही शेवटच्या दिसांत उदी मागायची. रोज. मी म्हनायचो, असल्या गोष्टीसाठी मी रांगेत उभा ऱ्हानार न्हाई. मग एक दिस म्हनलं, जातो. पुढल्या दारानं भाईर पडलो अन् मागल्या दारानं मोरीत आलो. बंबातली राख कागदात बांधली. वाचनालयात जाऊन दोन तास पेपर वाचत बसलो. मग येऊन तिच्या हातावर ठिवली."

बाहेर कुणीतरी फोन करायला आलं होतं. मी हातानेच थांबायची खूण केली.

"तिनं कपाळाला लावली. थोडी जिभेवर घेतली. मग मलाच इचारती, लई येळ उभं ऱ्हावं लागलं का वो?"

काका उठले. खुर्ची जागेवर सरकवली.

"मी व्हय म्हनलो," ते म्हणाले. "पाठव त्ये पत्र."